पाहायची जागा आणि राहायची जागा : आपल्या मध्य प्रदेशातील शिबिरस्थळे



दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की शाळेत दोन प्रश्न हमखास येतात. मुले विचारतात, "बाई, यंदा शिबिर कुठे?" पालक विचारतात, "बाई, रात्रीचा मुक्काम कशाला? सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणा ना!" दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि दोघांचे उत्तर एकत्रच द्यावे लागते. म्हणून या अंकात आपल्या प्रांतातील शिबिराच्या जागांचा थोडा अभ्यास करू या. ही नुसती रम्य स्थळांची यादी नाही. कोणत्या जागी काय शिकता येते, कुठे दिवस घालवायचा आणि कुठे रात्र काढायची, याचा विचार आहे.

मुक्काम कशासाठी?

आपल्या मराठीत मुक्काम हा शब्द मोठा मानाचा आहे. पत्राच्या पत्त्यावर आपण 'मु. पो.' लिहितो, त्यातला 'मु.' म्हणजे मुक्काम. तळ, डेरा, राहुटी, कनात, छावणी हे सगळे शब्द आपल्याकडे आले ते मोहिमांवर असलेल्या लोकांच्या जीवनातून. आपले पूर्वज माळव्यात आले तेही असेच मुक्काम करत. १७२८ मध्ये धारजवळ अमझेऱ्याची लढाई झाली आणि त्यानंतर होळकर, शिंदे, पवार यांचा या प्रदेशात जम बसला. जे तळ ठोकायला आले, ते पुढे घरे बांधून राहिले. आज आपल्या मुलांना रायगड, सिंहगड ही नावे पुस्तकातून पाठ असतात, आणि ती असायलाच हवीत. पण घरापासून शंभर कि.मी.वर असलेला मांडवगड पुष्कळांनी पाहिलेला नसतो.

सहल आणि शिबिर यांत फरक आहे. सहलीत आपण जागा पाहतो. शिबिरात आपण त्या जागेवर पाणी भरतो, स्वयंपाक करतो, थंडी सोसतो, सकाळी दव पाहतो. तंबूची खुंटी ठोकताना जमीन मऊ आहे की मुरमाड, हे हाताला कळते. भूगोलाच्या पुस्तकातला 'पठार' हा शब्द तेव्हा खरा होतो. शिवाय घरी ताटावर बसल्यावर वाढून मिळणाऱ्या मुलाला चाळीस जणांची पोळी-भाजी म्हणजे काय, हे एका सकाळीच समजते.

आधी नकाशा समोर घ्या

मध्य प्रदेशाचा नकाशा उघडा. मध्यभागी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी एक लांब रेघ दिसेल. ती नर्मदा. तिची एकूण लांबी १३१२ कि.मी., त्यांपैकी १०७७ कि.मी. आपल्या प्रांतात. तिच्या उत्तरेला विंध्य, दक्षिणेला सातपुडा. विंध्याच्या माथ्यावर, उत्तरेकडे उतरत गेलेले आपले माळव्याचे पठार. इंदूर, उज्जैन, देवास, धार ही सगळी या पठारावरची गावे. समुद्रसपाटीपासून इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणूनच उन्हाळ्यातही येथील रात्री गार होतात आणि 'शब-ए-मालवा' प्रसिद्ध झाली.

पठाराचा दक्षिणेकडचा काठ एकदम तुटतो आणि खाली निमाड लागते. या तुटलेल्या काठावरच आपल्याकडचे बहुतेक प्रपात, दऱ्या आणि उंच कडे आहेत. पातालपाणी, मांडू, चोरलचे खोरे, सगळे त्याच काठावर. हे एकदा लक्षात घेतले की कोणती जागा सुंदर का आहे, आणि तीच जागा धोक्याची का आहे, ही दोन्ही कारणे एकच आहेत हे कळते. जमीन तुटते तेथे पाणी पडते. पाणी पडते तेथे माणसे पाहायला जातात.

येथे भाषेचीही एक गंमत सांगते. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे भूगोलाचे शब्द मला आधी हिंदीतून भेटले. हिंदीत 'घाटी' म्हणजे दरी. मराठीत 'घाट' म्हणजे डोंगर चढून जाणारी वाट. आणि महेश्वरला 'घाट' म्हटले की नदीच्या पायऱ्या! हिंदीतला जलप्रपात तो मराठीत धबधबा. खोल घळीला आपल्याकडचे गावकरी 'खोह' म्हणतात. शिबिरात वाट विचारायची वेळ येते तेव्हा हे शब्द उपयोगी पडतात, म्हणून मुलांनी ते वहीत टिपून ठेवावेत.

मुख्य नियम : पाहायची जागा वेगळी, राहायची वेगळी

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या प्रांतातील जवळजवळ प्रत्येक रम्य जागा पाण्याजवळ किंवा कड्याजवळ आहे. म्हणून दृश्य पाहून तंबू ठोकायचा नाही. दृश्य दिवसासाठी, तंबू रात्रीसाठी.

तीन घटना सर्वांनी माहीत करून घ्याव्यात. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यात धाराजी येथे अमावस्येच्या मेळ्यासाठी हजारो भाविक नर्मदेच्या पात्रात आणि काठावर मुक्कामाला होते. वरच्या अंगाच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी रात्री तेथे पोहोचले आणि अनेकांचे प्राण गेले. पाऊस नव्हता, आभाळ स्वच्छ होते. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला वरच्या भागात झालेल्या पावसाने चोरल नदी काही क्षणांत फुगली आणि सहलीला आलेले एक कुटुंब वाहून गेले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी शिवपुरी-ग्वाल्हेर रस्त्याजवळील सुलतानगड प्रपातावर असेच झाले. काही जण वाहून गेले आणि कित्येक जण रात्रीपर्यंत मध्येच खडकावर अडकून राहिले.

तिन्ही घटनांत एक समान गोष्ट आहे. पाणी वाढले ते जेथे माणसे होती तेथल्या पावसाने नव्हे, तर वरून आलेल्या पाण्याने. म्हणून नदीकाठी गेल्यावर डोक्यावरचे आभाळ पाहणे पुरेसे नाही. नदीच्या वरच्या अंगाला काय आहे, धरण आहे का, पाऊस आहे का, हे विचारावे लागते. पाणी गढूळ होऊ लागले, त्यातून काड्या-पाने वाहत येऊ लागली, किंवा आवाज बदलला, तर वस्तू गोळा करत बसू नये. लगेच उंचावर जावे. रात्री झोपेत मात्र यांपैकी काहीच दिसत नाही. म्हणूनच वाळूच्या पात्रात, बेटावर, कोरड्या नाल्यात तंबू कधीही नाही.

जवळच्या जागा : रालामंडल आणि जानापाव

लहान मुलांची सुरुवात शहराच्या कुशीतल्या रालामंडलपासून करावी. ही टेकडी १९८९ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाली. माथ्यावर होळकरांच्या काळातील शिकारीची कोठी आहे. येथे मुक्काम करायचा नाही. पण पाठीवर सामान घेऊन चढणे, आपले पाणी आपण जपून वापरणे आणि कचरा परत आणणे, हे शिबिराचे पहिले तीन धडे येथे अर्ध्या दिवसात होतात.

त्यानंतर महूजवळचे जानापाव. सुमारे साडेआठशे मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे चंबळेचे उगमस्थान. लोकश्रद्धेप्रमाणे हे परशुरामाचे जन्मस्थान मानतात. भूगोलाच्या दृष्टीने ही जागा अनमोल आहे. येथून निघालेली चंबळ उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते, म्हणजे तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. याच डोंगररांगेतले चोरलचे पाणी दक्षिणेला उतरून नर्मदेत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडतात आणि त्यांचे समुद्र मात्र वेगळे! 'जलविभाजक' ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा त्या माथ्यावर उभे राहून दोन्हीकडे हात दाखवला की मूल जन्मभर विसरत नाही.

पातालपाणीचा सुमारे ३०० फुटांचा प्रपात येथून जवळच आहे. तो कठड्याआडून, दिवसा पाहावा. त्याच्या डोहाशी किंवा माथ्यावरच्या प्रवाहात उतरायचे नाही, मग पाणी कितीही कमी दिसो.

मांडू : पाण्यावाचून वसलेले नगर

इंदूरपासून सुमारे शंभर कि.मी. आठवीपासून पुढच्या मुलांच्या पहिल्या मुक्कामाला याहून चांगली जागा नाही. जहाज महाल, हिंदोळा महाल, होशंगशाहची कबर हे तर सर्व जण पाहतात. शिबिरार्थींनी मात्र पाणी पाहावे. मांडूच्या पठारावर नदी नाही. तरीही एवढे मोठे नगर तेथे वसले ते पावसाचे पाणी साठवून. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंना मुंज तलाव आणि कपूर तलाव आहेत. छतावरचे पाणी पन्हाळीतून हौदात, हौदातून तलावात कसे जाते, हे मुलांनी बोटाने रेघ ओढून शोधावे. नीळकंठ येथे दगडात कोरलेली नागमोडी पन्हाळ आहे, तीही पाहावी. छतावरचे पाणी साठवण्याचा विषय आज शाळेत प्रकल्प म्हणून देतात; मांडूमध्ये तो पंधराव्या शतकातच बांधून ठेवलेला आहे.

तेथील जाड बुंध्याची गोरखचिंच मुलांना फार आवडते. मूळ आफ्रिकेतले हे झाड. स्थानिक लोक याच्या फळाला मांडूची इमली किंवा खुरासानी इमली म्हणतात. आणि पायाखालचा काळा दगड नीट पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरून तो तयार झाला. सह्याद्रीतल्या किल्ल्यांखाली हाच दगड आहे. मामाच्या गावी पुण्याला गेल्यावर सिंहगडावर ताडून पाहा.

राणी रूपमतीच्या महालातून खाली निमाड दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघही दिसते. संध्याकाळ येथे घालवावी, पण अंधार पडण्याआधी परतावे. संरक्षित वास्तूंच्या आवारात मुक्काम करता येत नाही. राहणे गावातील धर्मशाळेत, अथवा परवानगी घेतलेल्या आवारात तंबू ठोकून. उंच कमानींखाली आग्या मोहोळाची पोळी असू शकतात. तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य.

महेश्वर आणि रावेरखेडी

मांडूहून खाली उतरले की महेश्वर. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केले ते येथून. किल्ल्याचा घाट, मंदिरे आणि मागावर विणली जाणारी महेश्वरी साडी, या तीन गोष्टी एका दिवसात पाहून होतात. विणकरांकडे गेल्यावर काठाच्या नक्ष्या किल्ल्याच्या भिंतींवर शोधण्याचा खेळ मुलांना द्यावा.

थोड्या अंतरावर सहस्रधारा आहे. खडकांमुळे नर्मदा येथे अनेक धारांत विभागली जाते. २०२३ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेगवान पाण्यातील नौकानयन येथेच झाले. ज्या पाण्यात पट्टीचे खेळाडू शिरस्त्राण घालून उतरतात, त्यात आपण पाय बुडवायलाही उतरू नये, एवढे सांगणे पुरे. वर ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर अशी दोन धरणे आहेत, त्यामुळे घाटावर आंघोळ करताना भोंगा वाजला की बाहेर यायचे, हा नियम. मुक्काम गावात, धर्मशाळेत.

खरगोन जिल्ह्यातच नर्मदेकाठी रावेरखेडी आहे. पहिले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी येथे छावणीतच वारले. ज्यांचे अर्धे आयुष्य तंबूत गेले, त्यांचा शेवटचा मुक्कामही तंबूतच झाला. येथे मोठा बाजार नाही, करमणूक नाही. शांत समाधी आणि नदी. मुलांनी तेथे अर्धा तास न बोलता बसावे. आपल्या इतिहासाचा हा एवढा मोठा धडा घरापासून इतक्या जवळ आहे.

हनुवंतिया : पाण्याखालचा प्रश्न

खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर जलाशयाच्या काठी हनुवंतिया आहे. येथे २०१६ पासून जल महोत्सव भरू लागला आणि तंबूंची वस्ती, नौका, बेटे यांमुळे जागा प्रसिद्ध झाली. पाणी एवढे विस्तीर्ण की समोरचा काठ दिसत नाही. संध्याकाळी ते केशरी होते तेव्हा मुलेच काय, शिक्षकही गप्प होतात.

पण शाळेचे शिबिर आहे, म्हणून हेही सांगायला हवे की हे पाणी रिकाम्या जमिनीवर साठलेले नाही. २००४ मध्ये हरसूद हे भरले गाव या जलाशयासाठी उठवले गेले. लोकांनी आपली घरे आपल्या हातांनी पाडली आणि छनेरा येथे नवे हरसूद वसले. धरणातून १००० मेगावॅट वीज होते, शेताला पाणी मिळते, आपल्या घरातला दिवाही कदाचित त्यावर लागतो. दुसरीकडे कोणाची तरी शाळा, अंगण, देऊळ पाण्याखाली आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नववी-दहावीच्या मुलांनी येथे वाद-सभा घ्यावी. हार-जीत ठरवू नये. दोन्ही बाजू नीट मांडता आल्या की झाले.

जलाशयात जीवरक्षक जाकिटाशिवाय नौकेत बसायचे नाही. तंबू व्यवस्थापनाच्या नेमलेल्या जागीच.

पचमढी : शिबिरांचे माहेरघर

मोठ्या मुलांसाठी पचमढी. जिल्हा पूर्वीचा होशंगाबाद, २०२२ पासून नर्मदापुरम. इंदूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीने पिपरियाला उतरायचे, तेथून सुमारे पन्नास कि.मी. घाटरस्ता. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र येथेच आहे, त्यामुळे देशभरातील मुले येथे तंबूत राहायला शिकली आहेत.

धूपगड १३५० मीटर. सातपुड्याचे आणि आपल्या प्रांताचेही हे सर्वोच्च शिखर. महाराष्ट्रातील कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सुमारे तीनशे मीटरच जास्त! येथील खडक आपल्या माळव्याचा काळा दगड नव्हे. हा वाळूचा खडक, त्याहून कितीतरी जुना, गोंडवन थरांतला. पाण्याने तो कापला गेला आणि जटाशंकरसारख्या घळी तयार झाल्या. पावसाचे पाणी तो सावकाश सोडतो, म्हणून हिवाळ्यातही झरे वाहतात. खडकांच्या आडोशाला आदिमानवाची चित्रे आहेत. हात लावायचा नाही. हाताच्या घामानेही रंग खराब होतात.

चौरागडावर महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन यात्रेकरू चढतात. त्यांत विदर्भातून आलेले मराठी भाविक फार मोठ्या संख्येने असतात. मुलांनी जड त्रिशूळांची ती रांग पाहिली तर श्रद्धा माणसाला किती चढवते हे कळेल.

पचमढीभोवतीचे जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे आहे. वाटेल तेथे तंबू ठोकण्याची मुळीच परवानगी नाही, आणि नसावीच. मुक्काम गावात नेमलेल्या जागी. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते; एका चादरीवर भागत नाही.

भीमबेटका : एका मराठी माणसाची दृष्टी

रायसेन जिल्ह्यातील भीमबेटका २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. ही चित्रे जगापुढे आणणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर आपलेच. जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना त्यांना दूरवर वेगळ्या आकाराचे खडक दिसले. अशाच आकाराचे चित्रित खडक त्यांनी आधी पाहिलेले असल्याने ते शोध घ्यायला गेले. त्या गाडीत बसलेल्या सर्वांना खिडकीतून तेच खडक दिसले असतील. पण पाहिले एकाने. शिबिरात मुलांनी शिकायचे ते हेच.

शेजारचे रातापाणी जंगल डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प घोषित झाले. म्हणून येथे दिवसा पाहणे आणि रात्री भोपाळला मुक्काम, असा कार्यक्रम उत्तम.

दूरच्या जागा थोडक्यात

अमरकंटक, नर्मदा आणि शोण यांचा उगम; एक नदी पश्चिमेला, दुसरी गंगेकडे. जबलपूरजवळ भेडाघाट, संगमरवरी कडे आणि धुआंधार; मोहोळांपासून जपावे. छिंदवाडा जिल्ह्यात पातालकोट, खोल दरीत बारा गावे, भारिया आणि गोंड लोकांची वस्ती. तेथे पाहुण्यासारखे जावे, तमाशा पाहायला जाऊ नये. मंदसौर जिल्ह्यात गांधीसागर, १९६० चे धरण. येथील अभयारण्यात एप्रिल २०२५ मध्ये चित्ते सोडले गेले. शिवपुरी, जेथे १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे यांना फाशी झाली. शेजारचे माधव राष्ट्रीय उद्यान मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले.

तंबूची जागा निवडताना

१. जमीन उंचावर आणि किंचित उताराची असावी. नदीच्या पात्रापासून व नाल्यापासून दूर.
२. कड्याच्या खाली नाही, काठावर नाही. वाळलेल्या फांदीखाली नाही. वीज चमकत असेल तर एकट्या झाडाखाली मुळीच नाही.
३. पिण्याचे पाणी उकळून. स्वच्छ दिसते म्हणून झऱ्याचे पाणी तसेच पिऊ नये.
४. मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून यावी. ती नसेल तर जागा कितीही रम्य असो, रद्द.
५. जवळचे रुग्णालय कोणते, तेथे सर्पदंशाची लस आहे का, हे आधी विचारून ठेवावे. गाडी रात्रभर तळावर उभी असावी.
६. तंबूची चेन नेहमी बंद. बूट झटकून घालावेत. रात्री विजेरीशिवाय पाऊल नाही. मण्यार रात्री झोपलेल्या माणसालाही चावते. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. मुलाला स्थिर ठेवून, धीर देऊन ताबडतोब रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८.
७. जंगलात शेकोटी नाही. दाल-बाटीचा बेत गावातल्या आवारात, गोवऱ्यांवर. निघताना राख पाण्याने विझवून.
८. आपला कचरा आपल्या पिशवीत घरी. आपले इंदूर २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिले आले आणि पुढेही वर्षानुवर्षे राहिले. तो मान शहराची सीमा ओलांडली की संपत नाही.

काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात दिवसाची सहल चालेल, नदीकाठचा मुक्काम नाही. राष्ट्रीय उद्यानांचे मुख्य क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच असते.

रात्रीचा पाठ

दिवे मालवल्यावर एक पाठ घेता येतो, तो शहरात नीट जमत नाही. उत्तरेला तोंड करा. इंग्रजी 'एम' अक्षरासारखी शर्मिष्ठा शोधा आणि तिच्या आधाराने ध्रुव. आता हात सरळ पुढे धरून मूठ आवळा. ती साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत किती मुठी होतात, मोजा. सव्वादोनच्या आसपास येतील, म्हणजे बावीस-तेवीस अंश. इंदूरचे अक्षांशही तेच! ग्वाल्हेरला मोजाल तर ध्रुव जरा वर, सुमारे सव्वीस अंशांवर दिसेल. ना यंत्र, ना खर्च. आपल्या मुठीने आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे कळते. हा पाठ सकाळी जाऊन संध्याकाळी परतल्यास घेता येत नाही, एवढेच पालकांना माझे उत्तर.

पालक आणि विश्वस्तांना विनंती

पालकहो, आपली काळजी रास्त आहे. म्हणून प्रत्येक शिबिराच्या आधी दोन शिक्षक जागा पाहून येतील, राहायची जागा कोणती हे लेखी कळवले जाईल, आणि वरील आठ मुद्द्यांपैकी एकही अपुरा असेल तर शिबिर होणार नाही. आपण मुलाच्या प्रकृतीची, औषधांची, पोहता येते की नाही याची खरी माहिती द्यावी. नको म्हणायचे असेल तर जरूर म्हणा. पण मुलगी आहे म्हणून नको, असे म्हणू नका. तिच्यासोबत शिक्षिका असतील.

विश्वस्त मंडळाला माझा प्रस्ताव असा : पाचवी ते सातवीसाठी रालामंडल-जानापाव एक दिवस, आठवीसाठी मांडू-महेश्वर-रावेरखेडी दोन रात्री, नववी आणि त्यापुढे पचमढी चार रात्री. दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, मग खर्च वाढला तरी चालेल. ते वाचवायचे ठिकाण नव्हे. आणि पैशांअभावी एकही मूल मागे राहू नये, यासाठी छोटा निधी वेगळा ठेवावा. ज्या मुलाने कधी गाव ओलांडले नाही, त्याला शिबिराची गरज सर्वांत जास्त असते, आणि नाव न देणाऱ्यांत बहुधा तेच पहिले असते.

अभ्यास

१. इंदूर ते महेश्वर या वाटेवर पठार कुठे संपते? नकाशात खूण करा.
२. घाट, घाटी, खोह, दरी या शब्दांचे अर्थ लिहा. घरच्या आजी-आजोबांना विचारून आणखी दोन शब्द मिळवा.
३. आपल्या घराच्या छतावर पडणारे पावसाचे पाणी कुठे जाते? मांडूशी तुलना करा.
४. नवे धरण बांधायचे असल्यास गावकऱ्यांना कोणते प्रश्न विचारले पाहिजेत? पाच लिहा.
५. गच्चीवरून ध्रुव दिसतो का? मुठींनी मोजून वर्गात सांगा.

उत्तरे वहीत लिहून दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सर्वांत चांगली उत्तरे पुढील अंकात छापू. शिबिराचे संमतिपत्र कार्यालयात मिळेल.

आपली,
प्राचार्या